एका थप्पीचा खेळ

त्या बुधवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी माझ्यापुढच्या एका थप्पीच्या दोन थप्प्या झाल्या, आणि मी उठलो नाही. घडले ते एवढेच. ज्याला माझी पद्धत ठाऊक नाही त्याला यात काही विशेष वाटणार नाही; परंतु त्या टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती, आणि म्हणूनच पत्ते वाटणाऱ्या बाईने पुढचा डाव वाटताना माझ्या जागेपाशी क्षणभर हात थांबवला. गेली नऊ वर्षे दर बुधवारी मी चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत येतो, पैशांऐवजी लावायच्या वीस चकत्यांची, चिप्सची, एकच थप्पी घेऊन बसतो, तिची दुप्पट झाली की खुर्ची मागे सरकवतो आणि निघून जातो. थप्पी गेली तरीही निघून जातो. इतरांपुढे पाच-पाच, आठ-आठ थप्प्या असतात. ते मला ‘पाहुणा’ म्हणतात, आणि या नावात प्रेम नाही.

“पाहुणे, खुर्चीला काही चिकटलंय का?” दातांचा डॉक्टर म्हणाला. तो बुधवारी अर्धा दिवस दवाखाना बंद ठेवतो. त्याच्याच चिप्स मी नुकत्याच जिंकल्या होत्या.

“बसू दे की,” मामा म्हणाले. ते कोणाचेच मामा नाहीत. निवृत्त झाल्यापासून या टेबलाचे झाले आहेत. “नऊ वर्षांत पहिल्यांदा जेवायला थांबलाय.”

मी हसलो. हसलो असे म्हणणे अचूक होणार नाही. हसण्यासाठी जे स्नायू लागतात ते मी हलवले. आत काही नव्हते. उठायचे आहे हे मला कळत होते, चार वाजता घरी पोहोचायचे आहे हेही कळत होते, पण कळणे आणि उठणे यांच्यामध्ये जे काही असते ते त्या दुपारी जागेवर नव्हते. दात उपटण्यापूर्वी सुई टोचल्यावर गालाला बोट लावावे आणि बोटाला गाल कळावा, पण गालाला बोट कळू नये, तसे काहीसे. ही उपमा समोर बसलेल्या डॉक्टरमुळे सुचली असावी. तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही.

लहान थप्पीने खेळणाऱ्याला लोक भित्रा समजतात. मला हे मत कधीच पटलेले नाही, आणि ते का पटत नाही हे मी नीट सांगू शकतो. प्रत्येकाला दोन पाने मिळतात. मग मध्यभागी पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडतात, आधी तीन, मग एक, मग एक, आणि प्रत्येक टप्प्यावर बोली होते. ज्याच्यापुढे ढीगभर चिप्स आहेत त्याला प्रत्येक टप्प्यावर नवा प्रश्न विचारला जातो: राहतोस की जातोस? लहान थप्पीवाल्याला एकदाच विचारला जातो. शंभरातल्या नव्वद डावांत मी माझी पाने पाहताच टाकून देतो. एक्का-राजा आला, मोठी जोडी आली, की मधले एकही पान उघडण्यापूर्वी सगळी थप्पी पुढे सरकवतो. त्यानंतर मला कोणी हुसकावू शकत नाही, कारण माझ्याकडून घेण्यासारखे काही उरलेलेच नसते. मोठे ढीगवाले आपापसांत झुंजतात, एकमेकांना पळवून लावतात, पळणारे आपल्या चिप्स मध्येच टाकून जातात, आणि त्यातला माझा वाटा मला आयताच मिळतो. ते एकमेकांशी खेळायला आलेले असतात, माझ्याशी नव्हे. म्हणून माझ्यासमोर ते ढिले खेळतात. वर्षाच्या शेवटी मी नफ्यात असतो. यात धाडस नाही हे खरे, पण भित्रेपणाही नाही. यात फक्त प्रश्न कमी आहेत. थप्पी पुढे गेली की मी माझी दोन्ही पाने उलटून टेबलावर सरळ मांडतो, कारण लपवण्याचे कारण संपलेले असते, आणि हात मांडीवर ठेवून बसतो. पाच पाने उघडतात. मी त्यांच्याकडे पाहतो, जसे कोणी रस्त्यावरून जाणाऱ्या दुसऱ्याच्या सामानाकडे पाहतो.

माझी नोकरी वजनमापांच्या खात्यात आहे. पितळेची प्रमाण वजने मखमलीच्या खाचांत बसवलेली पेटी घेऊन मी दुकानांतले काटे तपासत फिरतो. ही वजने बोटांनी उचलायची नसतात. लहान असतील तर हस्तिदंती टोकांच्या चिमट्याने, मोठी असतील तर मऊ कातड्याच्या तुकड्याने. कारण बोटाचा घाम पितळेला लागतो आणि काही वर्षांनी एक किलो हे एक किलोपेक्षा थोडे अधिक होते. सव्वीस वर्षे मी त्या वजनांना हात लावलेला नाही. दुकानदार माझ्यासमोर ताठ उभे राहतात, विनोद करतात, खुर्ची पुसून देतात. एका म्हाताऱ्या वाणसामानवाल्याने एकदा विचारले होते, “साहेब, तुमच्या वजनाचं वजन कोण करतं?” मी त्याला वरच्या कार्यालयातल्या यंत्राचे नाव सांगितले. तो म्हणाला, “आणि त्याचं?” मी शिक्का मारला आणि पुढच्या दुकानात गेलो.

सकाळी बायको दरवाज्यात उभी होती. मी बुटाची नाडी बांधत होतो. ती म्हणाली, “आज चारला त्या बाई येणार आहेत.”

“माहीत आहे.”

“तुला माहीत आहे हे मलाही माहीत आहे. तू येणार आहेस का?”

“सगळीकडे सही केली आहे ना मी?”

“सही केलीस म्हणजे काय, पावती फाडलीस? मी तुला आज विचारतेय.” तिचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. “चारला तू घरात असलास तर मी हो समजेन. नसलास तर त्यांना दारातूनच परत पाठवीन, आणि मग हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. मी काढणार नाही, तूही काढायचा नाहीस.”

“बरं,” मी म्हणालो. हा शब्द इतका गुळगुळीत आहे की त्याला कुठूनही धरता येत नाही.

त्या बाई म्हणजे दत्तक देणाऱ्या संस्थेच्या गृहभेट अधिकारी. मुलगी चार वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी अर्जांचा जाड गठ्ठा घरी आला तेव्हा मी त्याच संध्याकाळी सगळ्या पानांवर, सगळ्या खुणांवर सह्या करून टाकल्या होत्या. बायकोने एकेक पान वाचायला घेतले होते, आणि तिची चार पाने वाचून होईपर्यंत मी पेनाला टोपण लावले होते. तेव्हा ती आनंदी दिसली. आता वाटते की ती माझ्याकडे पाहत होती, एवढेच. आनंद मी धरून चाललो. लग्नाला मी पहिल्याच भेटीत होकार दिला होता. घर पहिल्याच दिवशी पसंत केले. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्या उपचारांना, त्यांनी वाक्य संपवण्याआधी, हो म्हटले. ते उपचार तिच्या शरीरावर होणार होते. मला उदार समजले जाई. माझ्या ताईला मात्र तसे कधीच वाटले नाही. लहानपणी आम्ही पोहायला जायचो तेव्हा बाकीची मुले तलावाच्या पायऱ्यांवरून इंचाइंचाने पाण्यात उतरायची, किंचाळायची, परत वर यायची, पुन्हा उतरायची. मी सरळ फळीवरून उडी टाकायचो. लोक म्हणायचे, केवढा धीट मुलगा! ताई टॉवेल पिळत म्हणाली होती, “धीट कसला, घाईचा आहेस. तुला थंडी वाजून घ्यायची नसते.” त्या वेळी मी तिच्याशी बराच वाद घातला होता. माझे मुद्दे अजून आठवतात, आणि ते सगळे बरोबर होते.

अडीचच्या सुमारास मला दोन राजे आले. मामांनी आधीच मोठी बोली केली होती आणि मला फक्त “सगळे” एवढे म्हणावे लागले. मामांकडे दोन राण्या निघाल्या. पाच पाने उघडली, कोणाचेच काही बदलले नाही, आणि दोन थप्प्यांच्या चार झाल्या. चार थप्प्या मी नऊ वर्षांत कधीच स्वतःसमोर पाहिल्या नव्हत्या. त्यांच्यामुळे समोरच्या हिरव्या कापडाचा एक भाग दिसेनासा झाला. आता तरी उठेन असे मला वाटले. म्हणजे, माझ्याबद्दल दुसऱ्या कोणाला वाटावे तसे वाटले. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून बत्तीस मिनिटे झाली होती. तिथून घर पायी पस्तीस मिनिटे. वेळ होता. वेळ असणे हेच न उठण्याचे कारण झाले, आणि हे कारण खोटे आहे हेही मला दिसत होते. मी न उठण्यातच उत्तर देत होतो काय? तसेही म्हणता येणार नाही. उत्तर द्यायला कोणीतरी आत असावे लागते.

मग बरेच डाव मी पाने टाकत राहिलो. तीन वाजायला आले तेव्हा एक्का आणि राजा आले, दोन्ही इस्पिकचे. माझा उजवा हात उठला, त्याने एक थप्पी मुठीत धरून पुढे सरकवली, आणि डाव्या हाताने दोन्ही पाने उलटून टेबलावर सरळ मांडली. मग दोन्ही हात मांडीवर आले.

मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“साहेब,” पत्ते वाटणारी बाई हळू आवाजात म्हणाली, “तुमच्यापुढे अजून तीन थप्प्या आहेत.”

मी खाली पाहिले. होत्या. हाताने नऊ वर्षांचे काम बिनचूक केले होते. एक थप्पी म्हणजे सर्वस्व, आणि सर्वस्व गेल्यावर लपवायचे काय? फक्त या वेळी सर्वस्व गेलेले नव्हते. डाव चालू होता, मधले एकही पान उघडले नव्हते, डॉक्टरची पाळी यायची होती आणि माझी पाने सगळ्यांसमोर उताणी पडली होती.

“परत उलटी ठेवू का?” मी विचारले.

“आता ठेवून काय करताय?” डॉक्टर म्हणाला. “पाहिली की आम्ही. लग्नाच्या फोटोसारखी समोर ठेवलीत.”

“नियमाप्रमाणे पाने चालू आहेत, बोलीही चालू आहे,” बाई म्हणाली. “उघडी राहतील, एवढंच.”

डॉक्टरने स्वतःची पाने अंगठ्याने किंचित उचलून पुन्हा पाहिली, एक थप्पी मोजली आणि पुढे सरकवली. बाकीच्यांनी पाने टाकली. मध्ये तीन पाने उघडली: बदामाचा एक्का, किलवरची नव्वी, चौकटची चौकी. माझी एक्क्यांची जोडी झाली. “तुमची पाळी,” बाई म्हणाली. हे वाक्य या टप्प्यावर मला कधीच कोणी म्हटलेले नव्हते. काय म्हणायचे ते सुचेना म्हणून मी टेबलावर बोट टेकवले, म्हणजे बोली पुढे गेली. डॉक्टरने वेळ घेतला नाही. त्याने तीन थप्प्या, बरोबर माझ्याकडे उरल्या होत्या तेवढ्या, हाताच्या कडेने पुढे ढकलल्या.

आता विचार करायचा होता. त्याला माझी पाने माहीत होती; मला त्याची नव्हती. एक्क्यांची जोडी दिसत असताना तो बोली करतो, म्हणजे त्याच्याकडे तिच्याहून मोठे काही असले पाहिजे. तीन नव्व्या, कदाचित. पण मी असाच तर्क करणार हे त्यालाही कळते, म्हणून त्याच्याकडे काहीच नसणे अधिक संभवते. पण हेही मला कळणार हे तो जाणतो. ही शिडी मी चढत राहिलो, आणि प्रत्येक पायरीवर तीच दोन दारे होती. डॉक्टर नखे पाहत होता. त्याची नखे फार स्वच्छ होती. माझ्या लक्षात आले की नऊ वर्षांत मी त्याचा चेहरा पाहिलेलाच नाही. डाव्या भुवईत एक पांढरा केस होता, ओठाच्या कोपऱ्याला कसलीशी सूज होती, आणि तो घाबरलेला होता की कंटाळलेला होता हे मला सांगता येत नव्हते. बारा वर्षे एका घरात राहून मी बायकोला उत्तरे दिली होती, सगळी पहिल्या फेरीत. नंतर ती काय पाहत होती, काय मोजत होती, कोणत्या पानावर थांबली होती? पहिल्या उपचारानंतर ती तीन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि मी तिच्या पायांवर पांघरूण घालून कामावर गेलो होतो. मी हो म्हटले होते. माझे काम झाले होते.

“पाहुणे, झोप लागली का?” मामा म्हणाले. “घड्याळ लाव ग बाई, नाहीतर याला इथेच अंथरूण घालावं लागेल.”

बाईने एक मिनिट दिले. त्या मिनिटात मला काही कळले असते तर ही गोष्ट वेगळी झाली असती. मिनिट संपता संपता मी माझी उघडी पाने तिच्याकडे सरकवली. डॉक्टरने मधला ढीग ओढून घेतला आणि स्वतःची पाने पालथीच बाईकडे फेकली.

“काय होतं?” मी विचारले.

मी हे विचारले. आवाज माझाच होता, आणि मोठा होता.

“त्याचे पैसे पडतात, पाहुणे,” डॉक्टर म्हणाला. “तीन थप्प्या टाकल्या असत्यात तर दाखवलं असतं.”

“नव्वी होती का?”

“अरे, याला आज झालंय तरी काय?” मामा म्हणाले.

मी तिथे आणखी पस्तीस-चाळीस मिनिटे बसलो असेन. एकही डाव खेळलो नाही. मला फक्त त्या दोन पालथ्या पानांचा विचार येत होता, जी केव्हाच इतर पानांत मिसळून पुन्हा वाटली गेली होती. घड्याळात पावणेचार झाले तेव्हा मी उठलो. तीन थप्प्या बदलून घेतल्या. एक घेऊन आलो होतो, तेव्हा नफाच होता. जिन्यात, रस्त्यावर, चौकातल्या सिग्नलपाशी मला काही वाटले नाही. फक्त पाय भरभर पडत होते, आणि ते मी त्यांना सांगितलेले नव्हते.

चार वाजून वीस मिनिटांनी मी दार उघडले. खुर्चीवर एक पोक्त बाई बसल्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, मांडीवर जाड अर्ज, हातात पाण्याचा रिकामा पेला. बायको समोर होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि लगेच पेल्याकडे पाहिले.

“त्यांना तहान लागली होती,” ती म्हणाली. “तीन जिने चढून आल्या. पाणी तरी द्यायला हवंच होतं.”

“या,” अधिकारी बाई म्हणाल्या. “बरंचसं झालंय आमचं. कामावरून उशीर झाला म्हणत होत्या या. काटे तपासता ना तुम्ही?”

हो म्हणणे अगदी सोपे होते. ते वाक्य बायकोने माझ्यासाठी तयार करून ठेवले होते, मला फक्त त्यात पाऊल टाकायचे होते.

“नाही,” मी म्हणालो. “पत्ते खेळत होतो. पैशांवर. दर बुधवारी खेळतो, नऊ वर्षं झाली.”

मी हे का म्हणालो याचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. तो प्रामाणिकपणा होता, की सगळे एका वाक्यात मोडून टाकण्याची जुनीच घाई, याचा निकाल मला लावता आलेला नाही. दोन्ही बाजूंनी चांगले मुद्दे आहेत.

अधिकारी बाईंनी चष्मा लावला, चार पाने मागे उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवले. “इथे ‘जुगार’ या रकान्यापुढे ‘नाही’ लिहिलंय.”

“मी लिहिलंय,” बायको म्हणाली. “मला माहीत होतं. मुद्दामच ‘नाही’ लिहिलं.”

“तुला माहीत होतं?” मी म्हणालो.

“इतर दिवशी घरी आलास की पेपर उघडतोस. बुधवारी बूट काढायच्या आधी हात धुतोस. नऊ वर्षं. मला काय, दिसत नाही?”

अधिकारी बाईंनी ते ‘नाही’ एका सरळ रेघेने खोडले. रेघेचा आवाज खोलीत ऐकू आला. “हे लिहावं लागेल मला,” त्या म्हणाल्या. “दोघांचंही. कर्ज आहे का?”

“नाही. वर्षअखेर नफा असतो.”

“नफ्याला रकाना नाही,” त्या म्हणाल्या. मग पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “यांना मुलगी हवी आहे हे मला पाच मिनिटांत कळलं. तुमचं सांगा.”

बायको खिडकीकडे पाहत होती. मला तिची मान दिसत होती, मानेवरची एक शीर दिसत होती.

“सकाळी विचारलं असतंत तर सांगता आलं नसतं,” मी म्हणालो.

“आत्ता विचारतेय.”

“आत्ता...” माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळेना. तळवे ओले झाले होते. “आत्ता तुम्ही नाही म्हणाल, याची भीती वाटतेय.”

“हे कुठल्या रकान्यात लिहू?” असे म्हणून त्यांनी काहीच लिहिले नाही. अहवाल वर जाईल, निर्णय त्यांच्या हातात नाही, महिनाभरात त्या न कळवता पुन्हा येतील, आणि बहुधा त्यानंतरही एकदा. हे सगळे त्यांनी पाठ असल्यासारखे सांगितले. दाराशी चपला घालताना त्या थबकल्या. “तुमच्याकडे लिफ्ट नाही ना? बरंच आहे म्हणा. मुलीला लिफ्टची भीती वाटते. कुठेही नेलं की आधी विचारते, पायऱ्या किती आहेत. येताना मोजत होते मी, दुसऱ्या जिन्यावर धाप लागली आणि चुकले. उद्या विचारेल ती.”

“मी मोजून कळवतो,” मी म्हणालो.

त्यांना खालपर्यंत सोडायला गेलो. रस्त्यावर त्या वळणाआड गेल्यावर परत फिरलो आणि पहिल्या पायरीपासून मोजत वर आलो. दर मजल्यावर वळणाची सपाट जागा आहे. ती पायरी धरायची नाही असे मी ठरवले. बायको स्वयंपाकघरात पेला विसळत होती. तिची पाठ माझ्याकडे होती.

“चोपन्न,” मी म्हणालो.

“मला काय सांगतोस? त्यांना कळव.” नळ चालूच होता. थोड्या वेळाने, न वळता, ती म्हणाली, “फाटकापाशी एक बुटकी पायरी आहे. ती धरलीस का?”

मला आठवेना. माझ्या पायाला ती नेहमी कळायची, पण मोजणीत ती होती की नव्हती हे छातीठोकपणे सांगता येत नव्हते. आणि चार वर्षांच्या मुलीच्या दृष्टीने ती निश्चितच पायरी होती, नव्हती म्हणणे चूक ठरले असते. मी बूट न घालताच बाहेर पडलो. जिन्याचा कठडा गार होता. या वेळी मी एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, सावकाश उतरू लागलो.